मुंबई बेटाचे कोट-किल्ले

किल्ला हा शब्द उच्चारला कीं मराठी मनुष्याच्या डोळ्यांपुढें रायगड, प्रतापगड आणि पन्हाळा उभे राहतात, किंवा समुद्राच्या लाटा अंगावर झेलणारे सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दिसूं लागतात. मुंबईचें नांव त्या मालिकेंत सहसा कोणी घेत नाहीं. मुंबई ही व्यापाराची, गिरण्यांची आणि गर्दीची नगरी. तिच्या वांट्याला तट, बुरूज आणि खंदक कोठून येणार, असें वाटणें स्वाभाविक आहे. तरीहि याच शहरांत लक्षावधि माणसें रोज सकाळीं ‘फोर्टांत’ कामाला जातात, चर्चगेट नांवाच्या स्टेशनावर उतरतात, आणि शीव, शिवडी, काळा किल्ला हीं नांवें बसगाड्यांच्या पाट्यांवर वाचतात. ज्या फोर्टांत तीं जातात तेथें तट नाहीं. ज्या चर्चगेटला उतरतात तेथें वेस नाहीं. आणि जेथें खरोखरीचे तट-बुरूज आजहि उभे आहेत तेथें फारसें कोणी जात नाहीं. किल्ल्याचें नांव एकीकडे आणि किल्ला दुसरीकडे, अशी ही फारकत कां झाली हें पाहूं गेल्यास, मुंबई आज जशी आहे तशी कां झाली याचाहि उलगडा पुष्कळसा होतो.

या किल्ल्यांचा विचार करतांना आजचें सलग शहर प्रथम मनांतून दूर सारावें लागतें. सतराव्या शतकांत येथें सात बेटें होतीं: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगांव, परळ, वरळी आणि माहीम. भरतीच्या वेळीं त्यांच्यामधून समुद्राचें पाणी खेळे आणि ओहोटीला चिखल उघडा पडे. लालबागपासून दादरपर्यंत आज जेथें पाऊल ठेवावयास जागा मिळत नाहीं, त्या भागांत तेव्हां खाजणें, भातशेती आणि ताडामाडांचीं बनें होतीं. पूर्वेस बंदर, पश्चिमेस उघडा समुद्र आणि उत्तरेस साष्टीपासून या बेटांना तोडणारी माहीमची खाडी. शत्रु येणार तो पाण्यानेंच येणार, आणि पाणी तर चोहों बाजूंनीं! अशा मुलखाचें रक्षण एका मोठ्या गडानें होण्यासारखें नव्हतें. प्रत्येक उताराच्या जागीं आणि प्रत्येक खाडीच्या मुखाशीं एकेक डोळा ठेवावा लागे. मुंबईचे लहान किल्ले म्हणजे असे डोळेच होत. कोणता किल्ला कोणत्या दिशेला पाहतो हें समजलें म्हणजे तो कोणाच्या भीतीनें बांधला हेंहि समजतें.

यांतील मुख्य किल्ल्याचा जन्म एका घरांत झाला. सोळाव्या शतकांत पोर्तुगीज सत्तेखालीं मुंबईचें बेट गार्सिया द ओर्ता या विद्वान वैद्याकडे खंडानें होतें. येथील वनस्पति आणि औषधें यांवरील त्याचा ग्रंथ १५६३ सालीं गोव्यास छापला गेला. बंदराच्या कांठीं त्याचें जें घर होतें, त्याच जागेवर पुढें मुंबईचा मुख्य कोट उभा राहिला. १६६१ च्या तहानें पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहांत मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली, परंतु तिचा प्रत्यक्ष ताबा हंफ्रे कुक यास १६६५ च्या फेब्रुवारींत मिळाला. राजाला हें दूरचें बेट सांभाळणें जड वाटलें आणि १६६८ सालीं वर्षाला दहा पौंड भाड्यानें त्यानें तें ईस्ट इंडिया कंपनीच्या हवालीं केलें. साष्टी, वांद्रें, ठाणें आणि वसई हीं मात्र पोर्तुगीजांकडेच राहिलीं. म्हणजे माहीमची खाडी ही दोन राज्यांची सरहद्द झाली. या सरहद्दीवरच्या गांवाचें नांव शीव. आणि शीव या शब्दाचा मराठींतील अर्थच सीमा असा आहे.

कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअर यानें १६६९ पासून १६७७ पर्यंत मुंबईचा कारभार पाहिला. दंडा-राजपुरीच्या सिद्दीचें आरमार बंदरांत केव्हां शिरेल याचा नेम नव्हता, आणि इंग्रज-डच युद्ध सुरू असल्यामुळें डचांचेंहि भय होतें. ऑन्जिअरनें कोटाची मजबुती केली, बुरुजांवर तोफा चढविल्या आणि बेटावरील जमीनदारांकडून शिबंदी उभी केली. तींत भंडारी जातीच्या लोकांचा मोठा भरणा होता. १६७३ च्या फेब्रुवारींत डच सेनापति फान गून्स आपलें आरमार घेऊन मुंबईसमोर आला, तेव्हां बेटाची तयारी पाहून तो हल्ला न करतांच माघारा फिरला. किल्ल्याचें पहिलें काम लढणें हें नसून शत्रूला लढण्यापासून परावृत्त करणें हें आहे, हा धडा मुंबईच्या कोटानें अशा रीतीनें आरंभींच शिकविला.

याच काळांत बेटांच्या कडेनें लहान किल्ल्यांची सांखळी तयार झाली. शीवच्या टेकडीवर ऑन्जिअरच्या कारकीर्दींत किल्ला झाला. त्याची दृष्टि खाडीपलीकडच्या साष्टीवर होती. १६७५ च्या सुमारास वरळीच्या टोकावर किल्ला झाला. माहीमच्या उपसागरांत शिरणारें प्रत्येक गलबत त्याच्या नजरेखालून जाई. शिवडीचा आणि माझगांवचा किल्ला हे १६८० च्या सुमाराचे. पूर्वेकडील बंदरावर पहारा ठेवण्यासाठीं ते होते. माहीमचें ठाणें या सर्वांहून जुनें. १६८४ सालीं सर टॉमस ग्रँथम यानें त्याची तटबंदी वाढविली. हे किल्ले आकारानें लहान. शिवडीच्या किल्ल्यांत एक सुभेदार, पन्नास शिपाई आणि आठ-दहा तोफा एवढाच सरंजाम असे. परंतु त्याची रचना विचारपूर्वक केलेली आहे. एका बाजूला सरळ तुटलेला कडा आणि खालीं बंदर. दगडी दरवाजांतून आंत शिरलें कीं पुढचा दरवाजा समोर न येतां काटकोनांत वळून लागतो, म्हणजे शत्रूला एकाच धांवेंत आंत घुसतां येऊं नये. तट उंच आणि खोल्यांचीं छतें कमानदार. सह्याद्रीच्या गडांवर जी युक्ति डोंगरांच्या आडव्यातिडव्या वाटांनीं साधली, तीच येथें दोन दरवाजांच्या कोनांत साधलेली दिसते.

मुंबईच्या या बंदोबस्ताला मराठ्यांचें उत्तर समुद्रांतच मिळालें. बंदराच्या मुखाशीं, मुंबईच्या दक्षिणेस खांदेरी नांवाचें बेट आहे. १६७९ सालीं शिवाजी महाराजांनीं तें ताब्यांत घेऊन बांधावयास आरंभ केला, आणि मायनाक भंडारी यानें तेथें तटाचें काम सुरू केलें. मुंबईकर इंग्रजांनीं आणि सिद्दीनें मिळून तें हाणून पाडण्याची शिकस्त केली. इंग्रजांचीं मोठीं जहाजें वाऱ्यावांचून जागच्या जागीं खोळंबत, तर मराठ्यांच्या लहान, वल्ह्यांच्या होड्या उथळ पाण्यांतून रात्रीच्या रात्रीं दाणागोटा आणि चुना बेटावर पोंचवीत. शेवटीं १६८० च्या आरंभीं इंग्रजांनीं तो नाद सोडला. खांदेरी मराठ्यांकडे राहिली आणि सिद्दीनें शेजारची उंदेरी बळकावली. या प्रसंगांतील एक गोष्ट विसरण्यासारखी नाहीं. मुंबईच्या कोटावर पहारा करणारे भंडारी होते, आणि खांदेरीचा तट उभारणाराहि भंडारीच होता. राजे वेगवेगळे होते. पाणी, वारा आणि खडक यांची जाण असलेलीं माणसें मात्र एकाच किनाऱ्याचीं होतीं.

मुंबईच्या किल्ल्यांची खरी कसोटी १६८९ सालीं लागली. कंपनीचा अधिकारी सर जॉन चाइल्ड यानें मोंगलांचीं जहाजें पकडून औरंगजेबाशीं वैर जोडलें होतें. बादशहाच्या पक्षानें सिद्दी याकूत मुंबईवर चालून आला आणि शिवडीला उतरला. इंग्रजी वृत्तांतांत त्याच्या सैन्याची संख्या वीस हजार दिली आहे. शिवडीचें ठाणें त्यास रोखूं शकलें नाहीं. माझगांवच्या किल्ल्यांतील लोक तर खजिन्याच्या पेट्या आणि शस्त्रास्त्रें तेथेंच टाकून मुख्य कोटाकडे पळाले. माहीमहि हातचें गेलें. पाहतां पाहतां सारें बेट सिद्दीचें झालें आणि कंपनीच्या हातीं कोट तेवढा राहिला. हा वेढा वर्षाहून अधिक काळ चालला. अखेरीस इंग्रजांनीं बादशहापुढें वकील पाठवून क्षमा मागितली, दीड लाख रुपये दंड कबूल केला आणि चाइल्ड यास हिंदुस्थानांतून घालवून देण्याची अट मान्य केली. परंतु ती अमलांत येण्यापूर्वींच, १६९० च्या फेब्रुवारींत, तो मुंबईस मरण पावला. त्या वर्षाच्या जून महिन्यांत सिद्दीनें बेट सोडलें आणि जातांना माझगांवचा किल्ला जाळून उध्वस्त केला.

हा पराभव तटाचा नव्हता. तो तटावरच्या माणसांचा होता. पन्नास शिपायांचे किल्ले एकमेकांपासून दूर अंतरावर, मध्यें चिखल आणि खाड्या, एकाची कुमक दुसऱ्याला मिळण्याची सोय नाहीं. अशी सांखळी एका ठिकाणीं तुटली कीं सबंध तुटते. शिवाय बेटावरील रयतेला या परक्या सत्तेविषयीं आपलेपणा वाटावा असें अद्याप कांहीं घडलें नव्हतें. पुढें १६९२ सालीं प्लेगानें गोऱ्यांची शिबंदी जवळजवळ नाहींशी झाली असतां सिद्दीचे लोक पुन्हां बेटावर आले, आणि रुस्तुमजी दोराबजी या पारशी गृहस्थानें कोळ्यांची फौज जमवून त्यांस हांकून लावलें, अशी हकिकत पारशी परंपरेंत सांगतात. कोळ्यांचें पटेलपण त्याच्या घराण्याला मिळालें तें याच कामगिरीबद्दल, असें तीच परंपरा सांगते. दगडी तटाला जें साधलें नाहीं तें स्थानिक माणसांच्या एकजुटीला साधलें, असा या हकिकतीचा मतलब आहे.

अठराव्या शतकाच्या आरंभीं मुंबईकरांच्या भयाला नवें नांव मिळालें. तें म्हणजे कान्होजी आंग्रे. खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग यांच्या आश्रयानें कान्होजीचें आरमार किनाऱ्यावर सत्ता गाजवीत होतें, आणि त्याच्या परवान्यावांचून फिरणाऱ्या जहाजांस मुभा नव्हती. १७१५ सालीं गव्हर्नर होऊन आलेल्या चार्ल्स बून यानें दोन उपाय योजले. एक चढाईचा आणि दुसरा बचावाचा. चढाईचा उपाय फसला. १७१८ मध्यें खांदेरीवर आणि १७२१ मध्यें पोर्तुगीजांच्या साह्यानें कुलाब्यावर केलेल्या स्वाऱ्या अपयशी ठरल्या. बचावाचा उपाय मात्र टिकला. मूळ कोटाच्या भोंवतीं जें गांव वाढलें होतें त्या सबंध गांवालाच बूननें तट घातला. या तटाला जमिनीच्या बाजूनें तीन दरवाजे होते: दक्षिणेस अपोलो दरवाजा, उत्तरेस बाजार दरवाजा आणि मध्यें, १७१८ सालीं उघडलेल्या सेंट टॉमसच्या देवळासमोरचा, चर्च दरवाजा. आजच्या फोर्ट या नांवाचा आणि चर्चगेट या नांवाचा उगम हा आहे. ज्या शहराची ही वेस, त्या शहराला ती कान्होजीच्या धाकानें बांधावी लागली, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

यानंतर संकट समुद्रावरून नव्हे, तर जमिनीवरून आलें. १७३७ च्या मार्चमध्यें मराठ्यांनीं ठाणें घेतलें आणि साष्टींत पाय रोवले. त्याच वर्षीं माहीमच्या खाडीकांठीं, आजच्या धारावींत, एक बुरूजवजा लहानसा किल्ला उभा राहिला. गव्हर्नर हॉर्न याचें नांव आणि १७३७ हें साल कोरलेली शिळा त्याच्या भिंतींत आहे. रिव्याचा किल्ला किंवा काळा किल्ला तो हाच. त्याच्यावरील साल आणि ठाणें पडल्याचें साल एकच आहे. किल्ल्याचें कारण सांगावयास आणखी साक्षीदार नको. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसई घेतली आणि उत्तर कोंकणांतील पोर्तुगीज सत्ता संपली. वांद्र्याच्या टोकावर १६४० मध्यें बांधलेला पोर्तुगीजांचा किल्ला मराठ्यांच्या हातीं पडूं नये म्हणून इंग्रजांच्या सल्ल्यानें पाडून टाकण्यांत आला. कंपनीनें एकीकडे कॅप्टन इंचबर्ड यास चिमाजी आप्पांकडे आणि कॅप्टन गॉर्डन यास साताऱ्यास शाहू महाराजांकडे वकिलीस धाडलें. दुसरीकडे तटाबाहेर खंदक खणावयास घेतला. त्या खर्चासाठीं येथील व्यापाऱ्यांनीं तीस हजार रुपये वर्गणी दिली. तीनच वर्षांनीं, १७४२ मध्यें, कलकत्त्यासहि मराठ्यांच्या भीतीनें असाच खंदक खणण्यांत आला आणि तो ‘मराठा डिच’ या नांवानेंच प्रसिद्ध झाला.

वसई पडल्यापासून पस्तीस वर्षें माहीमच्या खाडीच्या एका कांठीं इंग्रज आणि दुसऱ्या कांठीं मराठे अशी स्थिति होती. शीवच्या टेकडीवरचा पहारेकरी जो प्रदेश पाहत असे तो मराठी राज्याचा होता. आज दादरहून गाडी निघते आणि शीवच्या पुढें केव्हां जाते हें कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. त्या काळीं तेथें एक राज्य संपून दुसरें सुरू होई. मुंबईच्या इतिहासांतील ही गोष्ट शाळेंत क्वचितच सांगितली जाते; तिची दगडांत लिहिलेली साक्ष शीव आणि धारावी येथें मात्र अद्याप शिल्लक आहे.

तट आणि खंदक यांबरोबर आणखी एक गोष्ट आली, आणि तिचाच परिणाम सर्वांत दूरगामी झाला. तोफेचा मारा निर्वेध व्हावा म्हणून तटासमोरची जमीन मोकळी पाहिजे. यास्तव १७३९ पासून तटाबाहेरचे माड तोडण्यांत आले, पुढें घरेंहि उठविण्यांत आलीं, आणि तेथें पुन्हां बांधकाम होऊं नये असा निर्बंध घालण्यांत आला. १७६९ सालीं डोंगरीचा जुना किल्ला पाडून, त्याच्या टेकडीवरून शत्रूला मुख्य कोटावर तोफा डागतां येऊं नयेत अशी व्यवस्था करून, उत्तरेच्या अंगाला जॉर्ज किल्ला बांधला गेला. हळूहळू कोट आणि बाहेरकोट अशीं दोन शहरें झालीं. कोटांत वखारी, कचेऱ्या आणि धनिकांचे वाडे. मध्यें मोकळें रान. त्यापलीकडे गिरगांव, भुलेश्वर आणि मांडवी यांची वस्ती. १८०३ च्या फेब्रुवारींत कोटाला भयंकर आग लागली आणि दाट वस्तीचा पुष्कळ भाग जळून गेला, तेव्हां मोकळ्या जागेची मर्यादा आणखी वाढविण्यांत आली आणि अनेक कुटुंबें बाहेरकोटांत राहावयास गेलीं. गिरगांवासारख्या भागांची भरभराट होण्यास तटामागची ही दाटी मोठी कारण झाली.

परंतु तोंपर्यंत ज्या शत्रूंसाठीं हें सारें उभारलें होतें ते एकामागून एक नाहींसे होऊं लागले होते. १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाणें घेतलें आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी कायमची त्यांची झाली. १८०२ च्या वसईच्या तहानें पेशवे कंपनीचे आश्रित बनले आणि १८१८ सालीं मराठी राज्यच संपलें. इकडे बेटांच्या मधलें पाणीहि हटत होतें. हॉर्नबीच्या कारकीर्दींत महालक्ष्मी आणि वरळी यांमधील खिंड बांध घालून बंद केली गेली, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शीवहून साष्टीला जाणारा बांधरस्ता झाला, १८३८ मध्यें कुलाबा जोडला गेला आणि १८४५ मध्यें लेडी जमशेटजी यांच्या देणगीनें माहीम व वांद्रें जोडलीं गेलीं. शीव ओलांडावयाला आतां नाव नको होती. किल्ले तसेच उभे होते. पण ते ज्या पाण्याकडे पाहत होते त्या पाण्यावरून आतां बैलगाड्या जाऊं लागल्या.

अशा स्थितींत तट हा केवळ अडथळा होऊन बसला. खंदकांत घाण सांचे. दरवाजांत गाड्यांची कोंडी होई. वारा आणि उजेड अडे. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस विलायतेस पोंचेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचें मोल आलें. पैशाचा पूर लोटला आणि शहराला जागा पुरेना. १८६२ सालीं गव्हर्नर झालेल्या सर बार्टल फ्रियर यानें तट पाडण्याचें काम हातीं घेतलें आणि थोड्याच वर्षांत तट, दरवाजे आणि जॉर्ज किल्ला जमीनदोस्त झाले. गोविंद नारायण माडगांवकर यांचा मुंबईवरील मराठी ग्रंथ १८६३ मध्यें प्रसिद्ध झाला, तो नेमका या संधिकालांतला. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारांत जॉर्ज किल्ल्याच्या भिंतीचा एक तुकडा तेवढा राहिला आहे.

तट पडला, पण त्यानें राखून ठेवलेली मोकळी जमीन उरली. तिच्या एका पट्टीवर विद्यापीठ, उच्च न्यायालय आणि बोरीबंदरचें भव्य स्टेशन उभें राहिलें. उरलेलीं तीं आजचीं आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज. दक्षिण मुंबईंत मुलांना खेळावयास आणि लोकांना सभा भरवावयास जी जागा आहे, ती कोणा उदार राजानें दिलेली नसून तोफेच्या गोळ्यासाठीं मोकळी राखलेली आहे. ज्या रानांत शत्रु टिपावयाचा, त्याच रानांत पुढें परकीय सत्तेविरुद्ध सभा भरल्या. ज्या जागीं चर्च दरवाजा होता तेथें १८६४ मध्यें फ्लोरा फाउंटन बांधलें गेलें. १९५५ च्या नोव्हेंबरांत संयुक्त महाराष्ट्राची मागणी घेऊन निघालेल्या लोकांवर तेथेंच गोळीबार झाला. त्या चळवळींत १०६ जणांनीं प्राण दिले असें सांगतात. गिरगांव, परळ आणि लालबाग येथील कामकरी वस्तीनें या चळवळीला आपलें बळ दिलें होतें. दोनशें वर्षांपूर्वीं मराठ्यांना बाहेर ठेवण्यासाठीं जेथें दरवाजा लावला होता, ती जागा आज हुतात्मा चौक म्हणून ओळखली जाते.

उत्तरेकडील लहान किल्ल्यांच्या नशिबीं हा गाजावाजा आला नाहीं. ते पाडावेत इतकी कोणाला त्यांची अडचण नव्हती आणि राखावेत इतकी कोणाला आठवण नव्हती. १८५४ मध्यें ताडदेव येथें पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली, आणि पुढील अर्धशतकांत परळ, लालबाग, भायखळा या भागांत धुराड्यांचें रान माजलें. कोंकणांतून आणि घाटावरून आलेलीं माणसें चाळींत राहूं लागलीं. शिवडीच्या किल्ल्यांत कांहीं काळ कैदी ठेवले गेले आणि मग त्याचें गोदाम झालें. माझगांवचा किल्ला जेथें होता त्या भंडारवाड्याच्या टेकडीवर पाण्याचा जलाशय झाला आणि तेथील उद्यानाला लोकमान्य टिळकांचे सहकारी जोसेफ बाप्टिस्टा यांचें नांव मिळालें. माहीमच्या किल्ल्यांत झोंपड्या वसल्या; अलीकडच्या कांहीं वर्षांत महापालिकेनें तेथील कुटुंबांस अन्यत्र घरें देऊन तो मोकळा केला. त्याच्यापासून जवळच, दादरास, १९२५ मध्यें ‘माहीम पार्क’ या नांवानें खुलें झालेलें मैदान आहे. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या त्रिशतसांवत्सरिक उत्सवाच्या निमित्तानें १९२७ मध्यें त्याचें शिवाजी पार्क झालें.

मूळ कोटाची कथा तर याहूनहि विलक्षण आहे. त्याचे उरलेले तट नौदलाच्या आवारांत आहेत. या नाविक तळाला १९५१ सालीं ‘आंग्रे’ हें नांव देण्यांत आलें. ज्या कान्होजीच्या भयानें बूननें गांवाला तट घातला, त्याच कान्होजीचें नांव आज त्या कोटावर आहे. शिवडीच्या किल्ल्याखालीं चिखलांत हिवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, आणि २०२४ च्या जानेवारींत खुला झालेला न्हावाशेव्याचा सागरी सेतु शिवडीहूनच निघतो. वरळीचा किल्ला कोळीवाड्याच्या टोकाशीं बसून २००९ पासून वांद्र्याचा सेतु पाहत आहे. पाणी अडवून धरण्यासाठीं जे बांधले, ते आतां पाणी ओलांडणाऱ्यांकडे पाहत आहेत.

२०१८ मध्यें ओव्हल मैदानाभोंवतालच्या इमारतींची गणना जागतिक वारशांत झाली. २०२५ मध्यें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना तोच मान मिळाला. त्यांत खांदेरी आहे. म्हणजे तट पडल्यामुळें जें उभें राहिलें त्याचा गौरव झाला, आणि समुद्रापलीकडून मुंबईला ज्यानें आव्हान दिलें त्या किल्ल्याचाहि झाला. मधले शीव, शिवडी, वरळी, माहीम आणि धारावी येथले किल्ले तेवढे या दोहोंच्यामध्यें राहून गेले. शिवडीचा किल्ला राज्य पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखालीं आहे, परंतु संरक्षण म्हणजे केवळ पाटी लावणें नव्हे. या किल्ल्यांवर पराक्रमाच्या कथा फारशा घडल्या नाहींत, हें खरें. त्यांतले कांहीं तर पहिल्याच धक्क्याला पडले. पण मुंबई हें एक बेट नव्हतें, सात बेटें होतीं, आणि त्यांच्या कडेला एक सरहद्द होती, ज्या सरहद्दीपलीकडे मराठी राज्य होतें, ही गोष्ट प्रत्यक्ष डोळ्यांनीं दाखविणारें दुसरें साधन या शहरांत आतां उरलेलें नाहीं. खाड्या बुजल्या, माड गेले, गिरण्यांचीं धुराडींहि बहुतेक विझलीं आणि पडलीं. शीवच्या टेकडीवर चढून उत्तरेकडे पाहणाऱ्या मुलाला कोणीतरी हें सांगितलें पाहिजे, कीं ज्या रस्त्यावरून खालीं गाड्या वाहत आहेत तेथें एके काळीं पाणी होतें, आणि त्या पाण्यापलीकडे चिमाजी आप्पांचें सैन्य उतरलें होतें. तें सांगण्यासाठीं ती टेकडी आणि तिच्यावरच्या त्या पडक्या भिंती जागेवर असणें अवश्य आहे.